करोडगिरीची भेग

आमच्या घरात देवाच्या तसबिरी कमी आणि भिंतींना चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्या जास्त आहेत. हॉलमध्ये आहेत, स्वयंपाकघरात आहेत, न्हाणीत एक आहे, आणि पलंगाच्या बरोबर वर स्लॅबला एक अशी आहे की उताणं झोपलं की माझंच तोंड मला अंधुक दिसतं. रोज स्वतःचं तोंड बघून निजायची शिक्षा मला कशापायी, हे मी हबीबमामूंना अजून विचारलेलं नाही.

हबीबमामूंचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्रेमचं दुकान होतं. पत्र्याचं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, असलं. देवाच्या फोटोला, लग्नाच्या फोटोला, वारलेल्या आजोबाच्या फोटोला ते फ्रेम करून द्यायचे. काचा कापून जी कतरण उरायची ती खिशात घालून, हातात एक स्टूल घेऊन, मामू दुपारचे गल्लीभर हिंडायचे. जिथं भेग दिसेल तिथं थांबायचे. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा दाबायचा, की झालं. भेग वाढत असली तर काच तडकणार, भेग 'जिती'. काच तशीच राहिली तर भेग 'मेली'. मग त्या घराशी मामूंचं नातं जडायचं. आठ-पंधरा दिवसांनी ते न सांगता आत यायचे, "जिती हाय का मेली हाय, येवढं बघून जातो," म्हणायचे, आणि चहा आला तर नाही म्हणायचे नाहीत.

लोकांनी आधी भांडून बघितलं. पण ज्या माणसाला तुमच्या भिंतीची तुमच्यापेक्षा जास्त काळजी, त्याच्याशी भांडणार किती? एका बँकेत मात्र त्यांनी तिजोरीच्या खोलीकडं स्टूल घेऊन जायचा प्रयत्न केला, तेव्हा पोलीस आले. मामू परत आले ते तक्रार करतच. "सर, बँकेवाल्यांना भेगेची काहीच कदर न्हाई. म्या फुकट लावून राहिलो होतो."

आमच्या घरी तर त्यांनी एक सोयरीक मोडली. माझी मेहुणी तेव्हा आमच्याकडे शिकायला होती, आणि तिला बघायला जळकोटाहून पाहुणे आले होते. पोहे झाले, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे विचारून झालं. मुलाच्या वडलांनी "मग पुढचं बोलायचं का?" म्हणून मांडी बदलली, तेवढ्यात हबीबमामू स्टूल घेऊन दारातून आत.

"बसा बसा, माझं काय न्हाई," म्हणत त्यांनी स्टूल मुलाच्या वडलांच्या शेजारी मांडलं, वर चढले, चष्मा कपाळावर ढकलला आणि भिंतीला नाक लावलं. मग वरून आवाज आला, "पाहुणं, जरा सरकून बसता का? ही बया जिती हाय."

पाहुण्यांनी आधी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पडलो रसायनशास्त्राचा मास्तर. अशा वेळी काहीतरी धीर देणारं आणि शास्त्रशुद्ध बोलावं म्हणून मी म्हणलं, "घाबरायचं कारण नाही. भूकंपापासूनच आहे ती."

लातूर जिल्ह्यात पाहुण्याला भिंतीखाली बसवून 'भूकंप' हा शब्द काढायचा नसतो, एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं. पाहुणे उठले ते अंगणात, अंगणातून फाटकात, फाटकातून बसस्टँडवर. माझी बायको मंदा त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. गंमत म्हणजे मामूंशी बोलली. पुढं मेहुणीचं चांगल्या घरी लग्न झालं, आणि ते जळकोटचं स्थळ आपल्याला पसंत नव्हतंच असं मंदानं जाहीर केलं. आता दर ईदला शिरखुर्म्याला मामूंकडं सगळ्यात आधी तीच पोचते.

हे खूळ मामूंना लागलं कुठून, ते सांगतो. त्यांच्या दुकानाच्या पाठीशी करोडगिरी होती. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, त्या खात्याची ही जुनी कचेरी. काळ्या दगडाची, समोर तीन कमानी, आत सागवानी तुळया, वर कवेलूंचं छप्पर. पुढच्या सरकारनं तिच्यात आपलं एक हापीस घातलं. भूकंपात मधल्या कमानीपासून थेट वळचणीपर्यंत भेग गेली, हापीसवाल्यांनी टेबलं उचलली आणि ते जे गेले ते परत फिरकले नाहीत. मग पुरातत्त्ववाल्यांनी दारावर कुलूप आणि बाहेर निळा फलक लावला, 'संरक्षित इमारत'. संरक्षण म्हणजे तो फलकच. एकदा तोही कोणीतरी उचलून नेला. मामूंनी हुडकून काढला तेव्हा त्याच्याआड कोणाच्या तरी कोंबड्या अगदी संरक्षित बसल्या होत्या.

भूकंपानंतर एक तरणा इंजिनेर करोडगिरीची भेग बघायला आला होता. त्यानं मामूंच्याच दुकानातनं काचेची पट्टी मागून घेतली, भेगेवर लावली, आणि "चाचा, रोज बघत जा, मी येतो," असं सांगून गेला. त्याची बदली झाली का लग्न झालं, देव जाणे. तो आला नाही.

"साहेब येईपर्यंत बघतो, म्हणलो होतो," मामू सांगायचे. "जबान दिली. आता तो येईनाच, त्याला म्या काय करू?"

म्हणून मामू बघत राहिले. बायको वारलेली, एकुलती लेक निजामाबादला दिलेली. सकाळची नमाज झाली की करोडगिरीच्या कमानीखाली जायचं, काच बघायची, दगडावर दोनदा थाप मारून "ठीक हाय ना?" विचारायचं, आणि मग दुकान उघडायचं. दिवसाचं पहिलं बोलणं त्या भिंतीशी. लोक हसायचे, मीही हसायचो. मी तर क्लासात उदाहरण म्हणून सांगायचो, आणि माझ्या क्लासात पोरं हसली असतील तर तेवढ्याच एका उदाहरणाला.

क्लासचंही सांगायला पाहिजे. मामूंच्या डोळ्यांदेखत लातुरात क्लासचं पीक आलं. गल्लीत घराघराला मजले चढले; खाली मेस, वर भौतिकशास्त्र, त्याच्यावर जीवशास्त्र, गच्चीवर पोरांच्या चड्ड्या. सगळेच श्रीमंत होऊन राहिले तर आपणच का मागं, म्हणून मीही नोकरी सोडून घराच्या वरच्या खोलीत क्लास काढला. आमच्याच गल्लीत चार मजली क्लास असलेले एक सर होते. लोक त्यांना मोठे सर म्हणायचे. मला छोटे सर म्हणायचे. वयानं मी मोठा होतो. ज्यांना मोठ्या सरांकडं जागा मिळत नसे ती पोरं माझ्याकडं येत, आणि त्यांच्यातलं एखादं हुशार निघालंच तर दिवाळीपर्यंत मोठ्या सरांकडं जाई.

एकदा मामू माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. भेग बघायला आले होते, पण तास चालू होता म्हणून थांबले. मी त्या दिवशी जीव तोडून शिकवलं, फळा भरून टाकला. तास संपला, पोरं गेली. मामू उठले, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, "भिंत पक्की हाय, सर. शिकवणं तेवढं हालून राहिलंय."

मोठ्या सरांची नजर करोडगिरीच्या जागेवर होती. त्यांना पोरींचं होस्टेल बांधायचं होतं. "जुनाट खंडार आहे, उद्या पडलं तर?" असं ते येईल त्या नगरसेवकाला सांगत. हे कानावर आलं की मामूंचा जीव खालीवर होई. भेग मेलेली आहे हे दाखवत राहायचं, म्हणजे करोडगिरी पाडायला कोणाला निमित्त मिळणार नाही, एवढं एकच काम त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. "ती पडायची न्हाई, सर," ते मला बजावत. "म्या हाय तवर तर न्हाईच."

पण आग लागेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

त्या साली मेडिकलच्या परीक्षेत गल्लीतल्या एका पोरानं नाव काढलं. संध्याकाळच्या आत चार क्लासवाल्यांनी तो आमचा म्हणून फ्लेक्स लावले. एकानं त्याला खरंच शिकवलं होतं. दुसऱ्यानं नुसत्या टेस्ट घेतल्या होत्या. तिसऱ्याकडं तो फी विचारून गेला होता, आणि चौथ्याचा संबंध काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. मीही आठवून बघितलं. एकदा पाऊस आला म्हणून तो माझ्या दारात उभा राहिला होता. पण तेवढ्यावर फ्लेक्स छापायची माझी छाती झाली नाही. मामूंना चारही क्लासांच्या फ्रेमची ऑर्डर मिळाली. "एकच पोरगं चार बार फ्रेम केलं, सर," ते म्हणाले. "टाय तेवढा बदलला."

हे सगळे फ्लेक्स लागले करोडगिरीच्या भिंतीवर, कारण गल्लीत तेवढी लांब भिंत दुसरी नव्हती. दिवेलागणीला चार मिरवणुका निघाल्या. डीजे, गुलाल, आणि जिकडंतिकडं रॉकेटं. माझ्या क्लासचा निकाल नेहमीसारखाच होता, तेव्हा मी गच्चीवर टाकीच्या आड उभा राहून दुसऱ्यांचा आनंद चोरून बघत होतो. म्हणून मलाच पहिल्यांदा दिसलं. करोडगिरीच्या कवेलूतनं पारवे एकदम उडाले आणि मागनं धूर आला. एक रॉकेट आत शिरलं होतं. आत वर्षानुवर्षांची घरटी, वाळलेलं गवत आणि हापीसवाल्यांनी टाकून दिलेले कागद. बघता बघता जाळ वळचणीतनं बाहेर आला आणि फ्लेक्स पेटले.

मी "आग, आग!" म्हणून ओरडलो. वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडं जात नाही, तो डीजेच्या पुढं काय जाणार? मंदा वर आली, तिनं एकदा बघितलं आणि "आगं माय गंऽऽ, जळालं की रे!" अशी हाळी दिली की डीजे बंद पडला.

बंब आला, पण डीजेच्या ट्रकमागं अडकला. ट्रक मागं घ्यायचा तर त्याच्या मागं दुसऱ्या क्लासचा ट्रक. गुलालानं लाल झालेली माणसं बादल्या घेऊन पळत होती. मामू दुकानातनं प्यायच्या पाण्याचा माठ घेऊन धावले, तो जाळावर रिकामा केला, मग माठही फेकला, आणि स्वतः आत शिरायला निघाले. मी त्यांना धरलं. म्हणजे माझ्या हातात त्यांच्या सदऱ्याची बाही आली. मामूंना खरं धरलं ते मोठ्या सरांच्या शिपायानं. वर तुळया जळून खाली पडत होत्या आणि मामू छातीवर हात मारत होते, "माझी काच! आरं काच बघू द्या रे! भेग हालंल रे माझी!" छप्पर चाललंय आणि म्हाताऱ्याला काचेचं पडलंय, म्हणून दोन-तीन पोरं हसली. मीही हसलो असतो एरवी. पण त्यांचा चेहरा बघितला आणि हातातली बाही आणखी घट्ट धरली.

सकाळी छप्पर नव्हतं. भिंती काळ्याठिक्कर, पण उभ्या; भेगेवरची काच तेवढी प्लास्टरसकट गळून पडलेली. चौकशीला हवालदार आले. रॉकेट कोणाचं, एवढंच विचारायचं होतं. टॉपर चौघांचा होता, रॉकेट मात्र कोणाचंच नव्हतं. हवालदार माझ्याही दारात आले, क्लासची पाटी वाचली आणि विचारलं, "तुमचं कोणी आलं का नंबरात?"

"नाही."

"मागच्या साली?"

"नाही."

"मग तुमी कशाला रॉकेट उडवताल," म्हणून त्यांनी माझं नाव न लिहिताच वही मिटली. गल्लीत निर्दोष सुटलेला मी एकटाच, आणि त्याचा मला इतका राग आला की मी दुपारी जेवलो नाही.

आठवड्याभरात नांदेडच्या पुरातत्त्वाच्या हापिसातनं साहेब आले. भला माणूस. भिंतीभोवती हिंडले, दगड वाजवून बघितले. मोठे सर सोबत होतेच. साहेब म्हणाले, "छप्पर नवं घालता येईल. प्रश्न भिंतीचा आहे. आगीच्या तापानं ही भेग हलायला लागली असेल, तर भिंत उतरवावी लागेल. भिंत गेली की इमारत यादीतून गेली." मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "इथं कोणाकडं काचेची पट्टी मिळेल का?"

मामूंचा चेहरा बघायला पाहिजे होता. एवढ्या वर्षांनी 'साहेब' आला होता. त्यांनी कतरणीला हात लावला नाही. नवी कोरी काच काढली, पट्टी कापली, सदऱ्याला पुसली आणि स्वतः चढून लावली. साहेबांनी शेजारी तारीख टाकली. दसऱ्यापर्यंत काच शाबूत राहिली तर करोडगिरीवर छप्पर चढणार. तडकली तर भिंत पाडणार आणि जागा मोकळी. पंच म्हणून दोघांच्या सह्या झाल्या, मोठ्या सरांची आणि माझी. मामूंनी माझं नाव सुचवलं होतं. त्या दिवसापासून मी खिशाला दोन पेनं लावायला लागलो.

तो पावसाळा मामूंच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ असेल. त्यांनी आतली राख उपसली, कमानी घासल्या. जी माणसं त्यांना टाळून बोळातनं जायची ती आता मुद्दाम थांबून विचारायची, "काय मामू, आज काय म्हणते भेग?" मामू दुकानातनंच ओरडायचे, "मेली हाय!" आणि गल्ली हसायची. पाऊस लागला की ते छत्री घेऊन काचेखाली उभे राहायचे. मी म्हणलं, "मामू, काचेला सर्दी होत नसते."

"काचेला न्हाई हो, मला करमत न्हाई," मामू म्हणाले.

भादव्यात झड लागली. गल्लीत चिखल, वर्गात कुबट वास, आणि माझ्या रिकाम्या बाकांना सांगायला तेवढंच एक कारण. एका सकाळी मामू आमच्या दारात आले. स्टूल नाही, हाक नाही. नुसते उभे राहिले. मी तसाच बनियनवर त्यांच्यामागं गेलो. मधल्या कमानीवरच्या काचेतनं केसाएवढी तिरपी रेघ गेली होती.

"जिती हाय, सर," मामू अगदी हळू म्हणाले.

मी पुढं-मागं बघितलं. मोठे सर अजून उठले नव्हते, रस्त्यावर कोणी नव्हतं. माझ्यातला पंच क्षणात मेला. "मामू, दुसरी लावा. तारीख मी टाकतो, माझं अक्षर साहेबाइतकंच घाण आहे. दसरा काही लांब नाही."

मामूंनी खिशातनं कागदाची पुडी काढली. आत काचेची पट्टी होती. त्याच मापाची, कडा घासलेली, पुसलेली.

"म्या बी त्याच्याचसाठी कापली, सर. तुमाला बोलवायच्या आधी."

पट्टी हातात धरून ते उभे राहिले, आणि तेवढ्यात सकाळची बॅच सुटली. पोरांपोरींचा लोंढा गल्लीत आला. रोजच्यासारख्या सायकली भिंतीला टेकल्या, पोह्यांचा गाडा कमानीखाली आला, कोणी उत्तरं पडताळून बघत होतं, कोणी घरी फोन लावून "हाव, जेवले, हाव," म्हणून सांगत होती. मामू त्यांच्याकडं बघत होते. मी म्हणलं, "मामू, लवकर. बघतील."

"भूकंपाच्या साली, सर," मामू म्हणाले, "लोक गावाकडून फोटो घेऊन यायचे. घरातलं सगळं गाडलेलं, एकट्याचा फोटो कोणाजवळ? शाळेचा ग्रूप घेऊन यायचे. बोट ठेवायचे, येवढं एक लेकरू मोठं करून द्या म्हणायचे. दात पडलेली लेकरं, हसायलेली. फोटोवाल्याकडून मोठा करून आणायचो, काच पुसायचो न् फ्रेम ठोकायचो. हाराचा खिळा बी म्याच लावून द्यायचो. लई केल्या, सर. दुकान त्याच्यावरच चाललं त्या साली. खाल्लेलं अन्न गोड लागत नव्हतं."

त्यांनी पट्टी पुन्हा पुडीत गुंडाळली.

"आता टापरच्या फ्रेमा करतो. एकाच पोराच्या चार करायला बी तयार हाय. पर ती फ्रेम नक्को. ह्या भिंतीवर माझा लई जीव हाय, सर, तुमाला ठाव हाय. पर लेकरं लोकांची हायत."

आणि मग ते एकदम ओरडत पुढं झाले. "उठा! सायकली काढा! ए पोह्यावाल्या, गाडा हालव आधी! भेग जिती हाय!" पोरं खिदळली. काचवाले मामू आज जास्तच बिघडलेत, असं एक जण म्हणालाही. मामूंनी एकेकाचा दंड धरून त्यांना रस्त्याच्या त्या बाजूला नेऊन सोडलं.

त्याच दिवशी आम्ही नांदेडची बस धरली. तडकलेली काच मामूंनी रुमालात बांधून मांडीवर घेतली होती. मी वाटेत वारसा, इतिहास आणि समाज असं एक भाषण तयार केलं, आणि साहेबांच्या टेबलापुढं उभं राहून ते केलंही. साहेबांनी सगळं ऐकून मामूंना विचारलं, "हे कोण?"

"आमचे छोटे सर. पंच हायत," मामू म्हणाले, आणि रुमाल सोडला.

साहेबांनी काच उजेडाला धरली. मग दार लोटून घेऊन ते म्हणाले, "हबीबमियाँ, दुसरी लावली असती तर मला कळायचा काही मार्ग नव्हता."

"मालूम हाय, साहेब. कापली बी होती." मामूंनी पुडी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उघडून बघितली, आणि शिपायाला चहा सांगितला. आम्ही तिघं चहा प्यालो. उठताना साहेबांनी दोन्ही हातांनी मामूंचा हात धरला.

परतीच्या बसला मी अर्धापूरची केळी घेतली. मामूंनी एक हातात धरलं, सोललं नाही. मी त्यांना धीर द्यायला लागलो. छप्पर नसलेली भिंत तशीही किती दिवस टिकली असती, तुम्ही फार मोठं काम केलं, वगैरे. लोहा गेलं, अहमदपूर आलं तरी माझं चालूच होतं. तेव्हा मामू म्हणाले, "पाडायच्या दिशी तुमी येताल ना, सर?"

"त्या दिवशी बॅच असेल की हो," माझ्या तोंडातनं निघून गेलं. असा मी.

मामू खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, "या सर. मला एकट्याला बघवणार न्हाई. सकाळी उठल्यावर जायला दुसरं कोणी न्हाई मला."

घरी येऊन मी हे मंदाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या जिन्याखालची अडगळ काढली, फरशी धुतली, आणि मामूंना निरोप पाठवला की भिंत पाडताना दुकानही निघणार, ते इथं आणा, इथं क्लासच्या पोरांची गर्दी तर होतच नाही. जाऊ दे. तिचं खरं होतं. मामूंनी आधी आढेवेढे घेतले, मग एका हातगाडीवर सगळं सामान आणलं. मी आणि मंदानं मिळून काचा उतरवल्या. एक फुटली, ती माझ्या हातातली.

पाडायच्या दिवशी मी क्लासला सुट्टी दिली. एवढी टाळी माझ्या शिकवण्याला कधी पडली नव्हती. पण नंतर बघतो तर सगळी पोरं रस्त्याच्या पलीकडं येऊन उभी राहिलेली. मोठे सरही आले होते. त्यांनी मामूंना पुढं उभं राहायला जागा करून दिली. जेसीबीवाल्यानं मामूंकडं बघितलं, जणू परवानगी त्यांनीच द्यायची होती. मामूंनी मान हलवली.

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा मध्ये जाऊन उभे राहतील. मी मनात बोलायची वाक्यंही जुळवून ठेवली होती. मधली कमान आधी खाली बसली, मग वरची भिंत. मामूंनी माझा हात घट्ट धरला. जुळवलेली वाक्यं राहिली, मी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला. धूळ खाली बसली, पोरं आपापल्या मेसला गेली, तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो. शेवटी मंदा आली आणि म्हणाली, "मामू, चला घरी. भाकरी गरम हाय."